हिरव्या खणाची पिशवी

कुमुद, काल संध्याकाळी तुझं विमान गेलं. वसंतभाऊजी वर माणसांत बसून गेले आणि तू खाली, सामानात. विमानतळावरून परत येताना ह्यांनी गाडी तुझ्या बिल्डिंगवरून घेतली नाही, मुंतझाच्या बागेला मुद्दाम लांबून वळसा घालून आणली. घरी आल्यावर मी चहा टाकला आणि सवयीने तुझ्यावर चिडायला लागले. अजून चिडलेलीच आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मला ते जमत नाही, आणि माझा स्वभाव तुझ्याइतका इथे कुणाला माहीत आहे?

गेल्या संक्रांतीपासून आपण धड बोललो नाही. एका गल्लीत राहून, एकाच दुकानात भाजी घेऊन बोललो नाही. एका पिशवीपायी. हे कुणाला सांगितलं तर हसेल. काल विमानतळावर सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, मला रडू येतं का ते. मी नाही रडले. मला तुझ्याशी भांडायचं होतं आणि तू ऐकायला नव्हतीस.

तू नाशिकहून नवीन लग्न होऊन आलीस तेव्हा दोह्यात आपली मराठी घरं थोडीच होती. भाऊजी तुला पहिल्यांदा आमच्याकडे घेऊन आले, तेही न कळवता. मी पिठाच्या हातांनी दार उघडलं. नवी नवरी पहिल्यांदा घरी आलेली, ओटी भरल्याशिवाय कशी पाठवायची? कपाटात ब्लाउजपीस होते, पण ते सगळे ह्या घरातून त्या घरात फिरणारे, कुणीच न शिवणारे. तुला त्यातला द्यावासा वाटेना. मग ट्रंकेच्या तळातून हिरवा खण काढला. मी पहिल्यांदा इकडे यायला निघाले तेव्हा गडहिंग्लजला आईने तो माझ्या हातात दिला होता. लाल काठ, बारीक नक्षी. तू लाजून पदर पुढे केलास आणि खण बघून ओरडलीस, "अगं बाई, खरा खण! इथे?" आणि गालाला लावलास. त्या दिवसापासून मी तुझी अक्का झाले.

तेव्हा आपल्याला प्लास्टिकच्या पिशव्यांचं काय वेड होतं, आठवतं? मी इकडे आले तेव्हा सूकमध्ये, इथल्या जुन्या बाजारात, भाजी कागदात गुंडाळून मिळायची, नाहीतर आपली टोपली न्यायची. मग ती गार हवेची मोठी दुकानं उघडली आणि कोथिंबिरीच्या जुडीलाही चकचकीत पिशवी मिळायला लागली, फुकट. मी एकही टाकली नाही. घड्या घालून गादीखाली ठेवायची आणि सुट्टीला गावी जाताना बॅगेच्या तळाशी त्यांचा थर रचायची. माझी वहिनी ती पिशवी घेऊन लग्नाला जायची, नाव बाहेरच्या बाजूला येईल अशी धरून. तू मला हसायचीस. पण तुझ्या गादीखालीही थर होताच, मी स्वतः पाहिला आहे.

मग तो समैस्माचा शुक्रवार आला. सुट्टी म्हणून दोन्ही घरं त्या गावच्या किनाऱ्यावर गेलो होतो. पुऱ्या, बटाट्याची भाजी, लोणचं. जेवून आपण लवंडलो. उरलंसुरलं पिशव्यांत भरून चटईच्या कडेला ठेवलं होतं. गावातल्या शेळ्या वासावर आल्या, त्यांचं कुणाला काही वाटलं नाही. एक शेळी मात्र घशातून वेगळाच आवाज काढायला लागली. मान ताणायची, मागे सरायची, पुन्हा मान ताणायची. तोंडाच्या कोपऱ्यातून पिशवीचं निळं टोक लोंबत होतं. त्यावर आपल्या नेहमीच्या दुकानाचं नाव होतं.

घरांकडून माणसं चालत येताना दिसली. ह्यांनी एकदम चटई गोळा केली. "चला, यल्ला, गाडीत बसा. आपली शेळी नाही, आपला देश नाही. उगाच पोलीस-बिलीस झालं तर साहेब परत पाठवून देईल." भाऊजींनी गाडी सुरू केली. मी आमच्या नीताला दंडाला धरून आत बसवलं. ती घाबरून रडायला लागली. तू तेवढी शेळीपाशी गुडघे टेकून बसलीस. भाऊजींनी हॉर्न दिला, दोनदा, तीनदा. तू मागे वळून पाहिलंसुद्धा नाहीस.

मी काचेतून बघत होते. सगळ्यांच्या पुढे एक म्हातारी आली, काळ्या कपड्यात, चेहऱ्यावर इथल्या म्हाताऱ्या घालतात तो मुखवटा. आता ही ओरडणार, आता पुरुष धावून येणार, असंच मला वाटत होतं. ती तुझ्यासमोर बसली. तिने शेळीचा जबडा धरला आणि तू घशात हात घातलास. पिशवी बाहेर आली, पिळलेल्या फडक्यासारखी, लांबच लांब. मग शेळी आडवी झाली. पाय हलले आणि थांबले. म्हातारी म्हणाली, "खलास." तिने कॅनमधलं पाणी तुझ्या हातांवर ओतलं. पुरुषांनी शेळी उचलली आणि ते निघून गेले. कुणी आरडाओरड केली नाही. गाडीत दारं लावून बसलेले आम्ही तेवढे घामाने भिजलो होतो.

ती पिशवी तू मुठीत धरून घरी आणलीस. गाडीत म्हणालीस, "अक्का, ही आपली होती."

"तुझी असेल. माझ्या पुऱ्या डब्यात होत्या."

"तुझी-माझी नाही म्हणत मी. आपली होती."

"माझ्या पुऱ्या डब्यात होत्या, कुमुद."

हा वाद आपण किती वेळा घातला! मी अजूनही म्हणते, माझ्या पुऱ्या डब्यात होत्या. आता तुझं "आपली" ऐकायला मिळत नाही, त्यामुळे वाद जिंकल्यासारखंही वाटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून तू दुकानातली पिशवी घेणं बंद केलंस. आम्ही म्हटलं, चार दिवसांचं खूळ आहे. तू मशीन काढलंस. घरोघर जाऊन म्हणालीस, कपाटात पडलेले ब्लाउजपीस मला द्या. सगळ्यांनी आनंदाने दिले, तेवढीच कपाटं रिकामी झाली. तू त्यांच्या पिशव्या शिवल्यास, भाऊजींच्या जुन्या खाकी पँटींचे रुंद बंद लावून. मग काय, कंपनीतले मोठमोठे इंजिनीअर गुलाबी फुलांच्या आणि मोरांच्या पिशव्या घेऊन मासळी बाजारात उभे राहायला लागले. आमचे हे बाहेर पडताना पिशवीची घडी घालून खिशात कोंबायचे आणि दुकानात शिरल्यावरच काढायचे. मी तुला पिशवीबाई म्हणायला लागले. तू मान डोलवायचीस आणि शिवत राहायचीस.

त्याच वर्षी गडहिंग्लजहून तार आली. आई गेली होती. ह्यांचा आणि माझा पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात. ऑफिसातला माणूस म्हणाला, इन्शाल्ला पुढच्या आठवड्यात. पुढचा आठवडा आला आणि गेला. तोवर तिकडचं सगळं होऊन गेलं होतं. तू सकाळी यायचीस, कुकर लावायचीस, नीताची वेणी घालायचीस. एकदा तू भांडी घासत होतीस आणि मी ओट्याला टेकून उभी होते. मी म्हणाले, "आईचं म्हणावं असं माझ्याकडे काही नाही गं. साड्या वहिनीने ठेवून घेतल्या. होतं ते मीच वाटून बसले." तू मागे वळलीही नाहीस. भांडी घासत राहिलीस. मला राग आला होता. माणसाने निदान हूं तरी म्हणावं.

आणि मग संक्रांत. तुझ्या घरी हळदीकुंकू. सगळ्या बायका स्टीलच्या वाट्या नाहीतर प्लास्टिकचे डबे वाण म्हणून लुटायच्या, तू पिशव्या लुटणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाला निळी, कुणाला पोपटी, हसणं-खिदळणं चाललेलं. माझी वेळ आली तेव्हा तू आतल्या खोलीत गेलीस आणि वेगळी ठेवलेली एक घेऊन आलीस. हिरवी. मी हातात घेतली आणि बोटांनाच आधी कळलं.

"हे काय आहे?"

"वाण आहे, अक्का."

"ते दिसतंय मला. कापड कुठलं?"

तू हसलीस. ते हसू मला अजून दिसतं. तेवढ्याने माझं डोकं फिरलं.

"माझ्या आईच्या खणाला कात्री लावलीस तू? ओटीच्या खणाला? आता ह्यातून मी बांगडे आणू?"

तू हातात हळदीकुंकवाची कोयरी धरून उभी होतीस. म्हणालीस, "उसवून बघ."

"काय?"

"उसवून बघ की एकदा, अक्का."

"उसवून माझी आई येणार आहे?"

मी चप्पल घालून निघाले. पिशवी तिथेच फेकून यायला हवी होती, पण आईचा खण तुझ्याकडे ठेवायला मन होईना. घरी आणली आणि स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला अडकवली. तोंड भिंतीकडे करून. नीता म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ बॅग!" तिला मी पहिल्यांदा असं बोलले की ती दिवसभर खोलीतून बाहेर आली नाही.

पुढे मी काय काय केलं ते तुला माहीत आहे, गॅलरीतून तू बघतच होतीस. दोन लिंबं आणली तरी वेगळी प्लास्टिकची पिशवी मागायची. दोन्ही हातांत त्या लोंबकळत तुझ्या बिल्डिंगखालून जायची, रस्ता लांब पडला तरी. वाऱ्यावर त्यांचा फडफड आवाज व्हायचा आणि मला बरं वाटायचं.

एकदा मात्र मला बरं वाटलं नाही. त्या मोठ्या दुकानात मी काउंटरच्या रांगेत होते आणि तू दारातून आत येत होतीस. नवा गार्ड होता. म्हणाला, "मॅडम, बॅग बाहर रखिए."

"खाली है. सामान इसीमें लेके जाऊंगी."

"सब लोग ऐसाही बोलता है."

त्याने तुझी पिशवी हातातून घेतली, सगळ्यांसमोर उलटी केली, झटकली. एक रुमाल तेवढा खाली पडला. लोक थांबून बघत होते. कुणी चोरीचा नुसता संशय घेतला तरी माणसाला देश सोडावा लागतो, इथे हे आपल्या सगळ्यांच्या पोटात असतंच. तुझा चेहरा पांढरा पडला. तू रुमाल उचलायला वाकलीस आणि मी तुला दिसले. माझं तोंड कसं आहे तुला माहीत आहे, त्या गार्डला मी उभा चिरला असता. पण आपण बोलत नव्हतो. तू पिशवी परत घेतलीस, पुन्हा सुलट केलीस आणि आत गेलीस. पुढच्या आठवड्यात तीच पिशवी घेऊन तू परत आलीस. मला वाटलं होतं, आता सोडेल. सोडलं नाहीस.

आपलं शेवटचं बोलणं जिन्यात झालं. मी नीताच्या मैत्रिणीकडे तुमच्या बिल्डिंगमध्ये आले होते, तू खाली उतरत होतीस. खांद्याला पिशवी, त्यातून दुधी डोकावत होता. तू म्हणालीस, "अक्का, उसवलीस?"

मी म्हटलं, "मला वेळ नाही."

एवढंच. त्यानंतर भाऊजींचा फोन आला तो तुझं डोकं दुखतंय आणि तू बोलत नाहीस म्हणून. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत तू कुणाशीच बोलण्यातली राहिली नव्हतीस.

आता कालचं ऐक, कारण ते तुला कळायलाच हवं. शुक्रवार होता. कागदपत्रं झाली होती, हॉस्पिटल दुपारच्या नमाजानंतर तुला ताब्यात देणार आणि पेटी बंद करणार होतं. तू सवाष्ण गेलीस. ओटी भरल्याशिवाय तुला इथून पाठवायचं नाही, एवढं सगळ्या बायकांनी ठरवलं. तांदूळ, नारळ, हळकुंड, हिरवी साडी सगळं जमलं आणि मग कळलं की कुणाकडेच खण नाही. एकीकडेही नाही! सगळे तूच शिवून टाकलेस. दुकानं बंद. सगळ्या एकमेकींकडे बघतायत. शेवटी कुणीतरी एक ब्लाउजपीस शोधून आणला, नायलॉनचा, दुकानातून आलेला तसाच, प्लास्टिकच्या पाकिटात.

मी म्हटलं, "हे नाही. कुमुदच्या ओटीत हे जाणार नाही."

"अहो, आता दुसरं कुठून आणायचं? वेळ काय उरलाय?"

"मी आणते," म्हटलं आणि घरी आले. हे खाली गाडी चालू ठेवून थांबले. मी दारामागची पिशवी काढली, टेबलावर ठेवली आणि ह्यांच्या दाढीचं ब्लेड घेतलं. मनात म्हटलं, दोन तुकडे तर दोन तुकडे. वरून घडी घातली की कुणाला कळणार आहे.

काय शिवण घालायचीस गं तू! दुहेरी टीप, टोकाला गाठी. बंद निघता निघेनात. बोटाला ब्लेड लागलं, ते तोंडात धरलं, पुन्हा बसले. खाली ह्यांनी हॉर्न दिला. पुन्हा दिला. मी खिडकीशीही गेले नाही. बंद सुटले, मग एक बाजू उसवली, मग दुसरी. तळाशी कापलेली कड सापडेल म्हणून मी बघत होते, तर तळाशी घडी होती. घडी उलगडली. आत लाल काठ होता, पिशवीच्या तोंडाशी आतून दुमडून घेतलेला, मळू नये म्हणून. तोही उलगडला. कापड मोठं होत गेलं. मी ते टेबलभर पसरलं आणि हात फिरवला. चारी कडा जशाच्या तशा. सुईची भोकं तेवढी. कात्री कुठेच लागली नव्हती.

मग मी बसले. तेव्हा सगळं कळलं. ओटीत आलेलं परत द्यायचं नसतं, देणारीचं अशुभ होतं. तू खण परत द्यायला आली असतीस तर मीच तुला दारातून हाकललं असतं. वाण मात्र देता येतं, आणि घेणारीला नाही म्हणता येत नाही. भांडी घासताना तू पाठ करून उभी होतीस ती ह्यासाठी. माझी आई तू मला परत देत होतीस, रोज हातात राहील अशी. आणि मी ती वर्षभर भिंतीकडे तोंड करून टांगली.

पण मला सांग, तोंडाने बोलायला काय झालं होतं तुला? "कापला नाही गं अक्का," तीन-चार शब्द! उसवून बघ, उसवून बघ. मी काय उसवून बघणारी आहे? इतकी वर्षं तू मला ओळखतेस. चिडलेल्या माणसाला असं कोडं घालतात का? मी एक दोरा ओढला असता तर, हे खरं आहे. तू एक वाक्य बोलली असतीस तर, हेही खरं आहे. दोन्ही हट्टी होतो. पण तू लहान होतीस, तू माझं ऐकायला हवं होतंस, आणि माझ्या आधी जायला नको होतंस.

मी खणाला इस्त्री केली. भोकं पूर्णपणे गेली नाहीत. क्षणभर वाटलं, हा ठेवावा. नायलॉनचा देऊन टाकावा, कुणाला काय कळणार आहे. आईचं दुसरं काही नाही माझ्याकडे. लोभ झाला, कुमुद, खोटं कशाला सांगू. मग खाली उतरले.

हॉस्पिटलात त्यांनी आम्हाला थोडाच वेळ आत सोडलं. बायका मागे सरल्या, मला पुढे केलं. पहिल्यांदा आलीस तेव्हा तू लाजून स्वतः पदर पुढे केला होतास. काल तो मीच उचलून धरला. तोच खण, त्यावर नारळ, तांदूळ. दारातला माणूस म्हणाला, "मॅडम, हो गया?" मी म्हटलं, "नहीं हुआ, रुको." खणाचा काठ वर येईल असा नीट केला, तुझ्या गालाला एकदा लावला, आणि मग त्याला हो म्हटलं.

आज घर शांत आहे. टेबलावर भाऊजींच्या खाकी पँटचे दोन बंद पडलेत. नीता विचारत होती, "आई, कॅन आय थ्रो दीज?" मी नको म्हटलं. गादीखालच्या पिशव्या बाहेर काढल्या, बराच वेळ बघत बसले आणि त्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. गावी नेणार नाही, एवढं नक्की.

संध्याकाळी भाजी आणायची आहे. नीताचा शाळेचा जुना स्कर्ट घेऊन मशीनवर बसले आहे, त्याला तुझेच बंद लावतेय. टीप वाकडी जातेय. तू असतीस तर हसली असतीस आणि उसवायला लावलं असतंस. कात्री मात्र मी लावलेली नाही.